आईचं बोलणं

कैलासदादा,

तुला नमस्कार लिहायला हात उठत नाही. दर रविवारी आई तुझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलायची. कॅनडात बसून तू ते तिला न सांगता रेकॉर्ड केलंस आणि गंमत म्हणून जगाला दाखवलंस. "जेवला का रे राजा? कायले वाळून गेला?" यावर कुठकुठल्या देशांतले लोक हसले.

परवा सिंधीपुऱ्यात भाजी घेताना दोन पोरींनी आईसमोर मोबाइल धरला. "दादी, वो वाला एक बार बोलो ना!" तिथेच तिने स्वतःला पाहिलं. भाजी टाकून ती घरी आली. "माह्या बोलण्यात हसण्यासारखं काय आहे वं?" तिने मला विचारलं.

मी तुला जाब विचारला, तर म्हणालास, "अगं, लोकांना आवडतेय ती." तुझी किळस आली मला.

आज तुझा फोन वाजला तेव्हा आईने पदर तोंडावर ओढला. "त्याले सांग, मी घरी नाही," ती कुजबुजली. फोन मी अजून उचललाही नव्हता, तरी आवाज तुझ्यापर्यंत जाईल अशी तिला भीती.

हे पत्र मी पाठवणार नाही. तू तेही लोकांना वाचून दाखवशील.

नावापुरती बहीण,
कोकिळा