जपानीची सुवाच्य तयारी

३ ऑगस्ट
निश्चय. डिसेंबरमध्ये जपानीची पहिली परीक्षा, एन-फाइव्ह, पास व्हायची. वय बासष्ट, पण डोकं कॉन्व्हेंटचं. मुलाची, पीयूषची, नीतू चार वर्षांची. जपानमध्ये जन्मली, जपानी आईचीच भाषा बोलते. व्हिडिओ कॉलवर ती बडबडते, आजी नुसती मान हलवते. वर्षअखेरीस सगळे इकडे मुर्रीला येणार. तोवर आजी बोलणार.

१९ ऑगस्ट
फॉर्म भरला. सेंटर पुणे. नवी वही, शाईपेन. शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, अक्षर सुंदर असलं की परीक्षक निम्मे मार्क तिथंच देतो. मला सलग चार वर्षं हॅन्डरायटिंगचं बक्षीस. आज जपानी 'आ' साठ वेळा काढला. वेलीसारखा नाजूक.

११ सप्टेंबर
शेहेचाळीस अक्षरं वळणदार झाली. हे म्हणाले, एखादं वाक्य बोलून दाखव. यांना पायाभरणी कळत नाही. शेजारच्या मनकर्णाबाईंनी वहीत डोकावून विचारलं, "काऊन जी बाई, रांगोळीचे नमुने काढून राहिल्या का?" कौतुकच म्हणायचं.

५ ऑक्टोबर
पीयूषने ऐकायचा सराव पाठवला. त्यातली बाई फार घाईत बोलते. बंद केली. नमुना पेपरही पाठवला. परीक्षेआधी पेपर पाहायचा? सिस्टरनी कान पिळला असता. न उघडता डिलीट.

२ नोव्हेंबर, केशोरी
दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, सुरू. भाऊ बिसराम न्यायला आला. माहेरची मंडई कशी चुकवणार? लहानपणी बाबांच्या खांद्यावरून पाहायची. तेच पाळणे, तीच गरम जिलेबी. वही पिशवीतच आहे. मेंदूला विश्रांती हवी.

१४ नोव्हेंबर
चार मंडया झाल्या. विश्रांती पुरेशी.

७ डिसेंबर, पुणे, संध्याकाळ
लिहायचं काहीच नव्हतं! नुसते गोळे. बरोबर उत्तराचा गोळा पेन्सिलीने काळा करायचा. ऐकायच्या पेपरात तीच घाईची बाई, किंवा तिची बहीण. माझे गोळे मात्र सुबक. पीयूषने फोनवर विचारलं, "आई, नमुना पेपर पाहिला नव्हतास का?" म्हटलं, नेटवर्क जातंय.

३० डिसेंबर, मुर्री
नीतू आली. सकाळी माझा पदर ओढून काहीतरी विचारत होती. तीनदा. डोळे भरून आले तिचे. मी शांतपणे वही-पेन्सिल पुढे केली, लिहून दाखव अशी खूण केली. पीयूष धावत आला. "आई, ती बालवाडीत आहे! लिहिता कुठं येतं तिला? शू लागली आहे!"

मनकर्णाबाईंनी तोवर "चाल वो माय" म्हणत तिला उचलून मोरीत नेलंही होतं. तेव्हापासून ती त्यांच्याच कडेवर. दोघी आपापल्या भाषेत बोलून खिदळताहेत.

मी पेला भरून मागेमागे फिरते आहे. पाण्याला 'मिझु' म्हणतात, हे मला पक्कं येतं. तिला तहान लागली पाहिजे.