आयचा अंगारा आणि माझ्या भुवया

३ नोव्हेंबर
ठरलं. रविवारी ठाण्यात ऑपरेशन. लोंबलेल्या भुवया वर उचलून घेणार. हे म्हणाले, "डोकं फिरलंय तुझं." फिरलंय तर फिरलंय. एकवीस वर्षं भिवंडी-गणेशपुरी गाडीवर कंडक्टर आहे. नुसतं तिकीट काढलं तरी लोक विचारतात, "बाई, रागावलात का?" अहो, रागावले नाही, भुवयाच तशा, बाबांच्या वळणाच्या. आता पुरे. हौस आहे माझी.
बाबा गेल्यापासून आय आमच्याकडेच असते. ड्युटीला निघताना रोज माझ्या कपाळाला गावदेवीचा अंगारा लावते. आज नाही लावला. "तुज्या बापाचा कपाल हाय त्यो. कापाचा न्हाय."

८ नोव्हेंबर
ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी परत सगळं सांगितलं. केसांच्या आत बारीक चिरा. मग सूज, काळंनिळं. कपाळ बधिर होईल, काही महिने तरी. क्वचित थोडं कायमचं राहतं. विचारलं, "तयार आहात?" सही केली.
आयनं आजही अंगारा लावला नाही.

१० नोव्हेंबर
काल झालं. डोकं करकचून बांधलंय. तीन उशा, उताणं झोपायचं, वाकायचं नाही. हे चपला पायात घालून देतात! लग्नात नव्हते इतके लाड.

१२ नोव्हेंबर
काळंनिळं डोळ्यांपर्यंत उतरलं. आरसा बघून रडले. भ्यायले, खरं सांगते. शेजारीण ह्यांच्याकडेच रागानं बघून गेली. बिचारे हे.
आय ताट ठेवते, तोंड फिरवून जाते. ते जास्त दुखतं.

१९ नोव्हेंबर
टाके निघाले. भुवया फारच वर, भूत बघितल्यासारखी दिसते. डॉक्टरबाई म्हणतात, सूज उतरली की बसतील. टाळूला खाज सुटते, आणि खाजवलं तर कळतच नाही. मेली काय तऱ्हा!

८ डिसेंबर
ड्युटी सुरू. डेपोत कुजबुज. मीच मोठ्यानं म्हटलं, "ऑपरेशन केलंय. बघा नीट." सगळे आपापल्या गाडीकडे पांगले.
अंबाडीच्या थांब्यावर नेहमीची भाजीवाली मावशी चढली. "बाई, आज खुशीत हाव?"
"रोजच असते मावशी. आता दिसते."
पुढं एकजण तिकीट न काढता खिडकीबाहेर बघत बसलेला. बाई मऊ दिसली असणार त्याला. असा झापला की शेवटच्या सीटपर्यंत सुट्टे पैसे बाहेर आले. भुवया वर गेल्या, आवाज तिथंच आहे.
गाडीच्या काचेत दोनदा स्वतःला बघितलं. छान दिसते मी. लिहायला काय लाजायचं.

१४ डिसेंबर
सकाळी दारात आय. हातात अंगाऱ्याची डबी. महिन्याच्या वर झालं तिनं कपाळाला हात लावून.
"काल हसलीस त बापावानीच हसलीस गो," म्हणाली. आणि अंगठा टेकवला कपाळाला.
बधिर कपाळाला काही कळलं नाही. दिसत होता हात, पण लागला नाही.
"लागला का?"
हो म्हणता आलं असतं. लोकांना तोंडावर खरं सांगते, मग आयशी काय खोटं बोलू.
"न्हाय गं आय. परत लाव."
तिनं दाबून लावला. तरी नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तिच्याही.
"मंग रोज लावीन. लागल तवर."
उद्या साडेसहाची गाडी. सहाला डबी घेऊन उभी राहते म्हणालीय.