पाइप क्रमांक चौदा

३ नोव्हेंबर
पुण्याहून देवगडला पोहोचले! घरमालकीण सुभद्राकाकूंनी आल्याआल्या सोलकढी पाजली. खिडकीतून बंदर दिसतं. नोकरी माशांचं तेल काढणाऱ्या कारखान्यात. जुन्या इमारतीला नवा भाग जोडायचाय. पाइपवाले, लोखंडकामवाले, वीजवाले एकाच सामाईक थ्रीडी मॉडेलमध्ये आपापलं काम उतरवतात. कुठला पाइप कुठल्या तुळईत घुसतोय ते मी शोधायचं. अशा घुसण्याला आम्ही क्लॅश म्हणतो. आमचे साहेब प्रीतमसर गोड बोलतात.

५ नोव्हेंबर
एकशे बारा क्लॅश निघाले, बहुतेक किरकोळ. एक मात्र विचित्र. जुन्या पाइप क्रमांक चौदाच्या पोटात नाव नसलेला एक भाग. गाठीगाठींचा, आतड्यासारखा. कोणी काढला, नोंद नाही. मी पुसून टाकला.

६ नोव्हेंबर
सकाळी तो परत तिथेच. हातभर वाढलेला. जवळून पाहिलं तर एका टोकाला पाच फाटे. चहा तसाच राहिला.

७ नोव्हेंबर
लवूकाका इथले जुने फिटर. त्यांना स्क्रीन दाखवली. त्यांनी त्या पाच फाट्यांवर बोट ठेवलं. मग इतर कामगारांकडून कळलं. गेल्या वर्षी त्यांची बायको शेवंती मासे शिजवायच्या टाकीत पडली. त्या टाकीचं तेल चौदातून जायचं; तेव्हापासून तो बंद. कारखान्याने तिचं म्हणून एक गाठोडं हातात दिलं, त्यालाच त्यांनी अग्नी दिला. "माका ती सगळी मेळाक नाय गो बाय," एवढंच बोलले.

८ नोव्हेंबर
दुपारी आम्ही दोघांनी चौदाचं झाकण खोललं. पिवळी, थलथलीत चरबी बदकन माझ्या हातांवर आली. कोमट. वर्षभर बंद पाइप, आणि कोमट! आत केस होते. एक नख. मी तिथेच ओकले. लवूकाका मात्र ओंजळीओंजळीने ते बादलीत भरत होते, हळू आवाजात तिच्याशी बोलत. तेवढ्यात प्रीतमसर आले. त्यांनी बादली गटारात ओतायला लावली, झाकण बसवलं. मला म्हणाले, "संचिता, तो क्लॅश मंजूर कर, नाहीतर बॅग भर."
मी मंजूर केला. यादीत आता 'दोष नाही'.

१० नोव्हेंबर
लवूकाका कामावर येत नाहीत. मॉडेलमध्ये चौदा रिकामा आहे. तो भाग आता मॉडेलमधल्या ऑफिसात — माझ्या खुर्चीच्या जागी.
हात घासून घासून सोलले. वास जात नाही.

११ नोव्हेंबर
भातावर तेल. पाण्यावर तवंग. थुंकीसुद्धा पिवळी — शी.

१२ नोव्हेंबर
राहवेना. लवूकाकांना फोन केला. पोलिसांत सगळं सांगते, म्हणायचं होतं. "काका" एवढंच म्हटलं. तिकडून रडू फुटलं —
"शेवंती? खंय आसस गो?"
मी माझं नाव सांगितलं. दोनदा. त्यांना तिचाच आवाज —

दुपार
मनगटाची कातडी सैल पडलीय. खाली मऊ काहीतरी सरकतंय. कोपरापर्यंत. अंगठ्याने दाबून पाहिलं, तर आतून कुणीतरी उलट —