समोरची बँक

३ जानेवारी
आज तिन्ही बँकांना दम दिला. लाल पाटीवाल्याला सांगितलं, समोरचा निळा पाव टक्का जास्त देतोय. निळ्याला सांगितलं, कोपऱ्यावरची हिरवी बसायला खुर्ची देते. लगेच पंख्याखाली खुर्ची आली, मागून चहा आला. शाळा चौथीतच सुटली, पण बँका नाचवते! व्याजात खोलीचं भाडं निघतं. या जन्मी सुनेच्या दारात जायची नाही.

१९ मार्च
टीव्हीवर नुसतं संकट, संकट. एकुलत्या एका लेकाचा फोन. घाबरलाय. म्हटलं, बाबा, संकट बँकांवर आलंय, माझ्यावर नाही. आता गरज त्यांना आहे, पाया पडत येतील. दर वाढवूनच मागायचा. ठरलं.

२ एप्रिल
हिरवी बुडाली. निळीने पोटात घेतली. बरंच झालं, कोपऱ्यापर्यंतची पायपीट वाचली. दोघांत झुंज लावणं सोपं.

११ जून
निळीने व्याज कापलं. साहेबाला म्हटलं, ही चालले समोर. म्हणतो कसा, जा की आजी. मेला! समोर गेले. लालनेही तेवढंच कापलेलं. चहा नाही. मशीन बिघडलंय म्हणे. होतं असं.

१२ जून
आता बँकेत पाऊल टाकायचं नाही. येतील शोधत.

२० जून
कोणी आलं नाही. कामात असतील.

२७ ऑगस्ट
भाडं वाढलं, व्याज आणखी उतरलं. निळीत जाऊन आवाज चढवला. सगळे पैसे काढून समोर टाकते, म्हटलं. कॅशियर बाई हळूच म्हणाली, आजी, समोरची पण आमचीच झाली आता. बाहेर येऊन बघितलं. शिडीवर चढून एकजण लाल पाटी उतरवत होता. परत आत गेले. माझ्या खुर्चीवर फायलींचा ढीग. रांगेत उभी राहिले.

९ सप्टेंबर
नवा डाव. नवी बँक निघेपर्यंत दम धरायचा. बाई म्हणाली, आता नवी कोण काढतंय आजी, उरले तेच राज्य करणार. तिला काय कळतंय.

३० सप्टेंबर
चार दिवसांसाठी लेकाकडे आलेय. कपाट आणि गादी सोबत आणली, मागे चोरी नको व्हायला. सुनेला आल्या आल्या बजावलं, नीट वागलीस तर राहीन, नाहीतर ही चालले समोर. सवयीने गेलं तोंडातून. तिने खिडकीबाहेर बघितलं. समोर कोण आहे, आई?
चहा मागितला. दूध संपलंय म्हणे.
होतं असं.