भिंतीवर जाणारे रंधे

बाबा, मंगळवारी मी दुकानातले सगळे रंधे बोथट केले. पटाश्यासुद्धा. तुम्ही असता तर आधी माझ्याकडे नुसतं बघत राहिला असता, मग चष्मा काढून पुसला असता, आणि त्यानंतर जे बोलला असता ते मला तोंडपाठ आहे. म्हणून रागवायच्या आधी सगळं ऐकून घ्या.

आपलं हत्यारांचं दुकान बंद होतंय. तुमच्या माघारी मी ते इतकी वर्षं रेटलं याचंच मालवणच्या बाजारात लोकांना नवल वाटतं. होड्या आता फायबरच्या झाल्या, त्यामुळे होड्या बांधणारे मेस्त्री यायचे थांबले. घरं बांधणाऱ्या सुतारांच्या हातात विजेवरची मशिनं आली, आणि ती मोबाइलवर बोट दाबलं की घरपोच येतात. कपाटं, पलंग कुडाळहून तयार येऊन टेम्पोतून उतरतात. या सगळ्याचं मला तितकंसं लागलं नाही, तो पोटापाण्याचा भाग होता. लागलं ते हौशी लोकांचं. आठवतं ना, गणपतीच्या आधी चाकरमानी गावात उतरले की घरी बॅग टाकून पहिले आपल्या पायरीवर यायचे? पातळ प्लाय आणि नक्षी कापायच्या बारीक करवतीची पाती घ्यायला. मग आठवडाभर वाडीतल्या प्रत्येक पडवीतून मखर कापण्याची खरखर ऐकू यायची, आणि पाती मोडली की पुन्हा आपल्याकडे धाव. आता मखर घडी करून बॅगेतूनच येतं. मी त्यांना नावं ठेवत नाही, रजाच तेवढी मिळते. पण गेल्या गणपतीत पात्यांच्या डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही.

जागा स्कूबाचं बुकिंग करणाऱ्यांना भाड्याने दिली आहे. समुद्राच्या तळाशी जायला लोक पुण्याहून येऊन रांग लावतात, आणि माझी पायरी रस्त्यापासून दोन वीत उंच, ती कोणाला चढवत नाही. उरलेल्या मालाचं काय करायचं या विवंचनेत होते, तेवढ्यात एक तरुण आला. किनाऱ्यावर नवीन खानावळ निघतेय, तिच्या आतली सजावट त्याच्याकडे. त्याला जुनी हत्यारं हवी होती. कितीही द्या म्हणाला. भिंतीवर लावणार, खाली पिवळे दिवे सोडणार. मी हो म्हटलं, आणि तो गेल्यावर काय केलं असेल? आठवडाभर बसून एकेका रंध्याचं पातं काढलं, दगडावर घासलं, अंगठ्याच्या नखावर धार बघितली, खोबरेल लावलं आणि परत बसवलं. भिंतीवर टांगायच्या रंध्यांना. हात आपोआप तिकडे गेले. धार लावल्याशिवाय आपल्या दुकानातून हत्यार बाहेर जात नाही, एवढंच त्या हातांना माहीत.

तो माल न्यायला आला, पहिलाच रंधा कौतुकाने उचलला आणि बोट कापून घेतलं. मी हळद लावायला धावले. तो बिचारा रागावला नाही. म्हणाला, "ताई, एवढी धार कशाला काढलीत? लहान मुलं हात लावतील. सगळी बोथट करून द्या, नाहीतर मला घेता येणार नाहीत." मी म्हटलं, बघते. तो गेला आणि मी गल्ल्यावर बसून राहिले. करवती, गिरमिटं, तासण्या कशाचंच काही वाटलं नसतं. पण तुमच्या दगडावर लावलेली धार त्याच दगडावर मारायची म्हणजे फारच झालं.

मला कसालचा तो माणूस आठवत होता, पोस्टात होता तो. मी कॉलेज सोडून नुकतीच दुकानात बसायला लागले होते. तो घाईत आला, एसटी चुकेल म्हणाला, म्हणून मी त्याला बंद खोक्यातला रंधा तसाच दिला. तुम्ही बाहेरून आलात, फळीवरची रिकामी जागा बघितलीत. "खोको बंदच दिलंस? मगे आतला पाता कोणी बघला?" आवाज चढवला नाहीत. "उद्या पयल्या एस्टीन कसालाक जा. धार लाव, बसव, तेच्या हातात दी, आणि मगे घराक ये." मला वाटलं थट्टा करताय. दुसऱ्या दिवशी दगड पिशवीत घालून मी खरोखरच कसालला गेले, लाजेने मेले होते.

तो माणूस पडवीत बसला आहे. समोर शिवणीच्या लाकडाचं फळकूट, आणि रंधा त्यावर नुसता दाताने कुरतडल्यासारखा चालतो आहे. मी पातं काढते, पडवीच्या कडेला बसून घासते. त्याची बायको कोकमाचं सरबत आणून ठेवते आणि माझ्याकडेच तक्रार करते, "सांग गो तू तरी. बाजारात गावता ता घरात कित्याक करूचा?" तो हसतो. "माका करूचा आसा म्हणान करतंय." पातं बसवून देते, तो रंधा ढकलतो, आणि लाकडाची एक लांब सोललेली साल वळत वळत वर येते. तो ती उचलून उजेडात धरतो, मग नाकाशी नेऊन हुंगतो. त्या क्षणी तो घरात नाही, पोस्टात नाही, कुठेच नाही. मी येताना एसटीत तुमच्यावर रागावायचं विसरून गेले.

तुम्हाला सांगायचं ते पुढे आहे. गेल्या पावसाळ्यानंतर त्याचा मुलगा दुकानात आला होता. वडिलांचा रंधा घरी आहे म्हणाला, "पण माका तेतुरला कायेक कळणा नाय." त्याला कॅमेऱ्याखाली ठेवायला जाड फळी हवी होती. खाडीच्या काठावर पहाटे चिखलात पोटावर पडून तो पक्ष्यांचे फोटो काढतो. एक धनेश झाडाच्या ढोलीतल्या मादीला फळ भरवतानाचा फोटो त्याने मला मोबाइलवर दाखवला आणि दाखवताना बोलायचाच थांबला. बाबा, ते तोंड मी आधी पाहिलेलं होतं, कसालच्या पडवीत. हल्ली लोकांना छंद उरले नाहीत अशी कुरकुर मी बाजारभर करत फिरले होते. तशी मी मूर्खच. छंद आहेत, ते फक्त आपल्या पायरीवरून जात नाहीत. मुली येतात, साच्यात दागिने ओतायचं रेझिन आहे का विचारतात, मी तेही ठेवून बघितलं, खपलंही थोडं. पण त्या मुलींशी त्यावर बोलायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं, आणि नुसता माल विकणं तुम्ही मला शिकवलं नाहीत.

तर मंगळवारी सकाळी मी दगड घेतला. तुम्ही म्हणायचात, हत्यार गिऱ्हाईकाच्या हाताक बसाक होया. म्हटलं, या गिऱ्हाईकाच्या भिंतीखाली मुलं जेवायला बसणार, त्याला बोथटच बसतं. पातं दगडावर उभं धरलं आणि ओढलं. धार लावायला लागतो त्याच्या मानाने मारायला काहीच वेळ लागत नाही. एक झालं, दुसरं झालं. रडू येईल म्हणून मी पदर हाताशी ठेवला होता, तो कोरडाच राहिला. संध्याकाळी तो तरुण टेम्पो घेऊन आला, प्रत्येक पात्यावरून बोट फिरवून खूश झाला आणि सगळं घेऊन गेला.

त्यानंतर लोक येतायत. शेजारची तर हातच धरून बसली. "बापाशीचा दुकान ता. तुका वायट वाटत आसतला गो." मी मान हलवली, कारण अशा वेळी मान हलवायची असते. खरं ते तिला कसं सांगणार? तुम्हालाही समोर सांगितलं नसतं. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही म्हणून लिहिता येतंय. मला लाकडाची आवड कधीच नव्हती, बाबा. शिवण कुठली आणि सागवान कुठलं, हे मी वासावरून नाही, तुमच्या तोंडाकडे बघून ओळखायचे. घरात तुम्ही कोणाशी फार बोलत नव्हतात. धार लावायला बसलात की मात्र बोलायचात, आणि दगडाच्या पलीकडच्या बाजूला एका माणसापुरती जागा असायची.