कोपऱ्यावरची खिडकी

प्रिय चिहारु,

माझं पत्र पाहून तुला पहिली शंका माझ्या डोक्याची येईल. गेल्या दहा वर्षांत नवीन वर्षाच्या कार्डापलीकडे मी तुला काही लिहिलेलं नाही, आणि त्या कार्डावरही त्या वर्षाच्या राशीचं जे काय जनावर असेल ते छापीलच असायचं. डोकं ठिकाणावर आहे. फोन का केला नाही, तेही सांगते, पण आधी आपलं भांडण पुरं करू. तीन जानेवारीला तू तांदळाच्या मोचीचं सूप अर्धं टाकून गाडी पकडायला निघून गेलीस आणि माझं बोलणं तोंडातच राहिलं.

तू म्हणालीस, "आई, एप्रिलपासून मी सायबर विभागात. ऑनलाइन जुगाराची प्रकरणं माझ्याकडे येणार. आणि माझी आई पचिन्कोच्या दुकानाच्या कोपऱ्यावर खिडकीत बसते. कुणी विचारलं तर मी काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, सोन्याची खरेदी करते." तू हसली नाहीस. पूर्वी याच उत्तरावर हसायचीस. मग म्हणालीस, मार्चअखेर खिडकी सोड, नाहीतर माझ्या नव्या जागेला बट्टा लागेल. म्हणजे बावीस वर्षं ज्या खिडकीने तुझी शाळा केली, तुझे दात सरळ केले, पोलीस प्रशिक्षणाला जाताना तुझ्या पायात काळे बूट घातले, तिचा आता बट्टा.

बरं, गुन्हा कोणता ते तरी सांग. पचिन्कोच्या दुकानात माणूस यंत्रासमोर बसून लोखंडी गोळ्या उडवतो. जिंकला की दुकान त्याला पैसे देत नाही, कारण पैसे दिले तर तो जुगार. दुकान देतं प्लास्टिकच्या डबीत सील केलेला सोन्याचा इवलासा तुकडा. तो घेऊन माणूस कोपरा वळतो. तिथे संडासाएवढी माझी खोली, तिला कंबरेच्या उंचीवर एक फट, फटीत सरकतं खोकं. तो तुकडा टाकतो, मी पैसे सरकवते. कायद्याने ते दुकान आणि मी एकमेकांना ओळखतसुद्धा नाही. पहिल्या दिवशी मॅनेजरने मला शिकवलं होतं, "कुणी विचारलं पैसे कुठे मिळतात, तर आमची मुलं सांगतात की ठाऊक नाही, पण बाकीची गिऱ्हाइकं का कोण जाणे त्या बाजूला जातात." हे सांगताना तो जराही हसला नाही. तुझं खातं दर वर्षी येऊन दुकानातली यंत्रं तपासतं, खुर्च्यांमधलं अंतर मोजतं आणि माझ्या खोलीवरून मान वळवून निघून जातं. बावीस वर्षांत एकाही गणवेशाला माझी खिडकी दिसली नाही. इतकं ठरवून आंधळं व्हायला मेहनत लागते हो, त्याबद्दल मी तुमच्या खात्याला मानते.

आणि हेच लोक आता मोबाइलवरच्या जुगाराने देश बुडतोय म्हणून छाती पिटताहेत. नगरपालिकेचं सायकल शर्यतींचं मैदान आहे, तिथे पैज लावली की ते म्हणे क्रीडाप्रेम. तुझे बाबा एकोणीस वर्षं त्याच मैदानाची फुकट बस चालवायचे, स्टेशनपासून दारापर्यंत, म्हणजे पैज लावणाऱ्याला चालायचेही कष्ट नकोत. घोड्यांवर मोबाइलवरून पैसे लावा, चालेल, तिकडे घोडे सरकारचे. लॉटरीच्या टपरीपुढे डिसेंबरात रांगा लागतात, तिथे तर पोलीस रांग सरळ करायला उभा असतो. स्वतः मांडला की खेळ आणि दुसऱ्याने मांडला की गुन्हा, एवढीच काय ती यांची नीती. एवढं सांगायला यांना तज्ज्ञांची समिती लागली, कायद्यात दुरुस्ती लागली आणि स्टेशनबाहेर वाटायला 'ऑनलाइन कॅसिनो हा गुन्हा आहे' असं छापलेली कागदी रुमालांची पाकिटं लागली. त्याच मजकुराचं पोस्टर आमच्या पचिन्कोच्या दारावरही चिकटवलंय. मी रोज सकाळी त्याच्याखालून जाते.

आमचे नेमोतो-सान आठवतात? तुझ्या शाळेचे उपमुख्याध्यापक. आठवड्यातले पाच दिवस ते माझ्या फटीसमोर असतात. रस्त्यात भेटले तर नमस्कार करत नाहीत, कारण मी चेहऱ्याने त्यांना ओळखायचंच नाही, फक्त हात ओळखायचा. परवा ते रांगेत मागच्याला सांगत होते, भिंत पातळ आहे म्हणून मला ऐकू आलं, "ही मोबाइलवर खेळणारी माणसं म्हणजे समाजाला लागलेली कीड आहे. घरात लपून खेळतात. अरे, माणसासारखं बाहेर येऊन खेळा." एवढं बोलून त्यांनी सहा डब्या खोक्यात टाकल्या. मी पैसे सरकवले आणि त्यांनी ते त्याच कागदी रुमालांच्या पाकिटात खोचले.

तुझ्या साहेबांचंही सांगून टाकते. गेल्या शरद ऋतूत ते टीव्हीवर आले होते, पोस्टरवर अंगठा ठेवून समजावत होते. मी पोस्टर नाही पाहिलं, अंगठा पाहिला. भाजलेला, नख अर्धंच. तो अंगठा मला सात-आठ वर्षं ठाऊक आहे, पावसाळी रविवारी येतो. मी कुणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. त्यांनी काही बेकायदा केलेलंच नाही. हीच तर गंमत आहे.

मग तू त्या दिवशी मला स्वातंत्र्यावर व्याख्यान दिलंस. "आई, लोक स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणतात, पण ज्यांना स्वतःला आवरता येत नाही त्यांना वाचवायचं कुणी?" मला त्या क्षणी तुझ्या अंगावर सूप ओतावंसं वाटलं. त्रेसष्ट वर्षांची बाई आहे मी. तुझ्या बाबांना सहा महिने चमच्याने भरवलं, त्यांच्या अस्थी मांडीवर घेऊन घरी आणल्या, एकटीने घर चालवलं. तेव्हा सरकारने कधी विचारलं नाही की बाई, तुला आवरता येतंय का. आणि दुपारी दोन ते तीन, गिऱ्हाईक नसताना, मी माझ्या मोबाइलवर बोट कुठे ठेवावं याची मात्र त्यांना काळजी.

हे वाक्य तू दोनदा वाचशील. बरोबर वाचलंस.

मी खेळते, चिहारु. खेळत होते. तीन वर्षं. पत्त्यांचा साधा खेळ, लाल की काळं असं सांगावं इतका सोपा. सुरुवात कशी झाली ते सांगते, म्हणजे तू उगाच कुणा फसवणाऱ्या टोळीच्या मागे धावणार नाहीस. बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी हिशेब केला, माझ्या तोंडून दिवसभरात किती शब्द जातात. सात. त्यातले चार दुकानात पिशवी नको म्हणून सांगताना. खिडकीत बोलायचं नसतंच. येतात ते फक्त हात. आणि मोबाइलवर एक मुलगी पत्ते वाटते, कुठल्याशा दूरच्या बेटावर बसून, मिला तिचं नाव. मी आत शिरले की मान वर करून मोडक्यातोडक्या भाषेत म्हणते, "यासु-सान, आलात? तिकडे थंडी असेल ना?" तिला तेवढंच म्हणायला शिकवलंय हे मला कळत नाही असं समजू नकोस. उन्हाळ्यातही ती थंडीचंच विचारायची. तरी मी रोज "हो, फार" असं टाइप करायचे.

बेकायदा आहे हे ठाऊक नव्हतं का, असं तू विचारशील. लाखभर लोकांनी तुमच्यापुढे हेच सांगितलं असेल की जाहिरातीत बघितलं, परदेशात परवाना आहे, वाटलं चालतं. माझं तसंही नाही. मला वाटलं, यालाही कोपऱ्यावर खिडकी असणार. खेळ एका बेटावर, पैसे दुसरीकडच्या खात्यात, मी तिसरीकडे, कुणी कुणाला ओळखत नाही. बावीस वर्षं मी ज्याच्या आधाराने पोट भरलं तेच हे, फक्त भिंत लांब. दुकानात पोस्टर लागलं तेव्हाही मनात म्हटलं, लावतातच, मग मान वळवतात. ज्या बाईने आयुष्य त्या फटीमागे काढलं तिलाच अशी अक्कल सुचू शकते. नेमोतो-सानना मी नावं ठेवली, पण त्यांच्या डब्या तरी मोजून असतात. माझ्या बाबतीत स्वातंत्र्य वगैरे शब्द पहिल्या वर्षीच संपले. नंतर बोट आपोआप जायचं. किती गेलं ते विचारू नकोस. घर आहे, जेवते आहे.

तीन जानेवारीला तू आणखी एक गोष्ट सांगितलीस. तोंडात मोची होती तुझ्या आणि डोळे चमकत होते. "आई, ज्या खात्यांतून पैसे फिरायचे ती हाती लागलीत. आता नाव, पत्ता, तारीख, सगळ्याच्या याद्या आहेत. एप्रिलमध्ये मी बसले की पहिलं काम तेच." तुला वाटलं मी खिडकीच्या रागाने गप्प झाले. मी त्या यादीत आहे, चिहारु. स्वतःच्या खऱ्या नावाने, आपल्या घराच्या पत्त्यासह.

तू गेल्यावर मी खेळणं सोडलं असेल असं तुला वाटेल. दुसऱ्या दिवशी दुप्पट खेळले. पण रात्रंदिवस एकच चित्र डोळ्यांपुढे यायचं. तू टेबलाशी बसलीस, यादीवरून बोट खाली आणतेस, माझ्या नावाशी थांबतेस. मग पुढे काय करशील? तू मला पकडशील याची मला भीती नाही वाटली. तू इकडेतिकडे बघून त्या ओळीवरून पुढे जाशील, याची वाटली. तू माझी मुलगी आहेस, तुझं प्रेम आहे माझ्यावर, तू नक्की तसंच केलं असतंस. आणि मग आयुष्यभर तूही मान वळवणाऱ्यांतली एक झाली असतीस. मी सगळ्या सरकारचा तिरस्कार करू शकते, तुझा करायची पाळी माझ्यावर यावी हे मला सहन झालं नसतं.

आज बुधवार, माझी सुटी. सकाळच्या गाडीने चार स्टेशनं पलीकडच्या पोलीस ठाण्यात गेले. आपल्या ठाण्यात गेले असते तर तुझ्याबरोबरच्यांनी चहा पाजून परत पाठवलं असतं. काउंटरवरच्या हवालदाराने मला बघूनच खुर्ची ओढली आणि म्हणाला, "आजी, घाबरू नका. कुणी फोनवरून फसवलं का तुम्हाला?" मी म्हटलं, "आजी तुमच्या घरी. मला कुणी फसवलेलं नाही, मी जुगार खेळले आहे, लिहून घ्या." त्याला दोनदा सांगावं लागलं. म्हातारी बाई स्वतःच्या मर्जीने काही वाईट करू शकते हे त्यांच्या कुठल्याच फॉर्मात बसत नाही. शेवटी एक वयस्क अधिकारी आला, त्याने नीट लिहिलं. घरी कोण असतं असं विचारलं. मी सांगितलं, एकटीच, पण मुलगी आहे, पोलिसात आहे, एप्रिलपासून याच कामावर असणार आहे, आणि तिला यातलं काही माहीत नाही. त्याचं पेन थांबलं. हळूच म्हणाला, "बाई, ते नाही लिहिलं तरी चालेल." मी म्हटलं, "लिहा."

तर आता पत्र का. मोबाइल त्यांनी पुराव्यासाठी ठेवून घेतला. तुझा नंबर त्यातच होता आणि तो मला पाठ नाही. पोटच्या मुलीचा नंबर पाठ नाही हे त्या अधिकाऱ्यासमोर लक्षात आलं, तेव्हा कुठे मी रडले. पत्ता मात्र पाठ आहे. म्हणून पोस्टातच बसून हे लिहिते आहे, जलद टपालाने उद्या सकाळी तुझ्या दारात पडेल. त्यांचा कागद तुझ्या साहेबांपर्यंत उद्या दुपारी पोचेल असं तो अधिकारी म्हणाला. त्याच्या आधी तू जा आणि स्वतःच्या तोंडाने सांग. माझी बाजू घेऊ नकोस, आई भोळी आहे, एकटी आहे असलं काही बोलू नकोस. ती जागा कदाचित तुला आता मिळणार नाही, आणि त्याला कारण मी आहे. ती मी तुझ्याकडून हिसकावून घेतलीय आणि त्याची माफी मागायला मला तोंड नाही. यापुढची ओळ मी खोडली आहे, पण तुला वाचता येईल. भेटायला येऊ नकोस असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. ये.

तुझीच, जशी आहे तशी,
आई