साहेबांचा बंगला

४ मार्च, मंगळवार
धुताना साहेबांची काचेची पेटी हातातून निसटून फुटली. साबणाचा दोष. साहेब म्हणजे लेकीचा सरडा. दिवसभर दिव्याखाली डोळे मिटून बसतो, म्हणून हे नाव मीच ठेवलं. तिच्या भाड्याच्या खोलीत प्राणी चालत नव्हते, म्हणून आमच्याकडे. दर रविवारी ती त्याला भेटायला येते. म्हणजे मला. तो निमित्त.

लेक फोनवर म्हणाली, घरमालक आता तयार आहे. रविवारपर्यंत नीट पिंजरा झाला नाही तर साहेबांना घेऊन जाईन. तयार पिंजरा विकत आण, असंही म्हणाली. बाप जिवंत असताना?

तो गेला तर रविवार गेले. पण मी शांत आहे. मोठा प्लास्टिकचा डबा, भोवती लाकडी फ्रेम, पुढे जाळीचं दार. दोन संध्याकाळींचं काम. तोवर साहेब बाथरूममध्ये, बादलीत.

५ मार्च, बुधवार
बायकोचे स्वेटर पलंगावर काढून डबा रिकामा केला. तिने ते एकेक करून मोजले. वाईट लक्षण.
हवेसाठी ड्रिलने भोकं पाडली. डब्याला भेगा गेल्या. हवा उलट जास्त खेळेल.

६ मार्च, गुरुवार
फ्रेम उभी. टेप सापडली नाही, नजरेने मापं घेतली. एक पाय आखूड निघाला, म्हणून बाकीचे तीन कापले. मग तो एक लांब निघाला.
बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. पण आमची लादी खरंच वाकडी आहे.

७ मार्च, शुक्रवार
ऑफिसला दांडी. पोट बिघडल्याचं कळवलं, दुपारी खरंच बिघडलं.
मजबुती तपासायला फ्रेमवर उभा राहिलो. टिकली. बायको म्हणाली, सरडा किती किलोचा आहे? दुर्लक्ष केलं. डब्याच्या झाकणाला आतून उबेचा बल्ब लावला. आता फक्त दार.

८ मार्च, शनिवार, सकाळी
बल्ब चालू करून चहा घ्यायला गेलो. वास आला. झाकण वितळून आत लोंबत होतं. नशीब, साहेब बादलीत होते.

दुपारी
साहेब बादलीत नाहीत.

संध्याकाळी
पलंगाखाली नाही, स्वेटरमध्ये नाही, बुटांत नाही. बायको स्टुलावर पाय वर घेऊन बसली आहे आणि तिथूनच सूचना देते आहे. मी हताश झालो आहे. लेकीला फोन लावला, "जेवलीस का?" एवढंच विचारलं आणि ठेवला.

९ मार्च, रविवार
लेक आली. माझं तोंड बघूनच म्हणाली, पळाला ना? चप्पल न काढता सरळ फ्रिजच्या मागे हात घातला. तिथे ऊब असते म्हणे. साहेब डोळे मिटून बसले होते.
तिने त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून कुशीत घेतलं. पिंजऱ्याकडे पाहिलं, हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. मला रडू आलं. डोळ्यात भुसा गेला, असं सांगितलं. काल सगळा झाडून काढला होता, हे बायकोला माहीत आहे.
दारात लेक म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारपासून तुम्ही दोघं माझ्याकडे या. जेवायलाच या. पण ड्रिल आणू नकोस."

ड्रिल पिशवीत तळाशी घालून ठेवलं आहे. तिच्याकडची लादीसुद्धा वाकडी असणार.